विमानाचे भाडे कोण ठरवितो?
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवात चार शब्द बोलावेत, असा कार्यवाहांचा निरोप आला, तेव्हा जुन्या आठवणी सांगावयाच्या आहेत अशी आमची समजूत झाली. परंतु आठवणी सांगणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या आठवणी आमच्यापेक्षा खमंग आहेत. म्हणून जन्मभर ज्या वाणिज्यशास्त्राची आम्ही शिकवणी केली, त्याच्याच पोतडीतून एक विषय काढला. विमान कंपन्या आणि विमानतळ यांच्या व्यवहारातील स्पर्धा. कार्यवाहांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "मराठी मंडळात हा विषय कशाला?"

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर एका प्रसंगात आहे. काही वर्षांपूर्वी रात्री साडेनऊच्या सुमारास साताऱ्याहून फोन आला. आमच्या वडील भगिनींची प्रकृती एकाएकी ढासळली होती. लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाला असा फोन आला की, त्याची पहिली आठवण पुष्पक एक्सप्रेसची. कानपूर, झाशी, भोपाळ, भुसावळ असे करीत ती दुसऱ्या दिवशी मुंबईस पोहोचते. नावाने विमान, गतीने आगगाडी! पण त्या रात्री आमच्यापाशी तेवढा वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या विमानाचे भाडे पाहिले, ते एकोणीस हजार रुपये निघाले. पैसे भरले, वेळेवर पोहोचलो, भगिनींची भेट झाली. तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु विमानात शेजारी बसलेल्या तरुणाने बोलता बोलता सांगितले की, त्याने आपले तिकीट दीड महिन्यापूर्वी साडेचार हजारांत काढले होते. आसन तेच, खिडकीतला सूर्य तोच. मग साडेचौदा हजारांचे अंतर कशाचे? हे भाडे ठरवितो तरी कोण? त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या मनात घर करून आहे.

प्रथम मालाचे स्वरूप पाहावे. विमानातील आसन हा जगातील अत्यंत नाशवंत माल होय. फुलवाल्याची टोपली संध्याकाळपर्यंत तरी दम धरते, सुकलेली फुले दुसऱ्या दिवशी हारात लपविता येतात. विमानाचे दार बंद झाले की रिकाम्या आसनाची किंमत त्या क्षणी शून्य. आणि विमान निघणारच असले, तर आणखी एक प्रवासी बसविल्याने कंपनीचा खर्च जवळजवळ वाढत नाही. म्हणून दोन कंपन्या समोरासमोर आल्या की प्रत्येकीला वाटते, आसन रिकामे जाण्यापेक्षा मिळेल त्या दरात विकावे. दोघीही असे करू लागल्या की दोघींचाही मुख्य खर्च सुटेनासा होतो. तो खर्च लहान नसतो. इंधनावर एकूण खर्चाचा सुमारे तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक जातो, आणि त्या इंधनावर प्रत्येक राज्याचा कर निराळा. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगड येथील हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, यावरून त्याचे ओझे ध्यानी यावे. विमानांचा भाडेपट्टा डॉलरमध्ये द्यावयाचा, तिकीट रुपयांत विकावयाचे. अशा धंद्यात तोटा भरून काढण्याचा एकच मार्ग उरतो. ज्याला वाट पाहता येते त्याच्याकडून थोडे घ्यावे, आणि ज्याला वाट पाहता येत नाही त्याच्याकडून भरपूर घ्यावे. आमच्याकडून एकोणीस हजार घेतले गेले, ते त्या शेजारच्या तरुणाच्या वतीने! त्याचे आम्ही अजून आभार मानलेले नाहीत, त्यानेही आमचे मानलेले नाहीत.

ही आपसांत कापाकापी करण्याची रीत आपल्या देशात नवी नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याची डकोटा विमाने स्वस्तात विकावयास निघाली, आणि पाहता पाहता अनेक कंपन्या उभ्या राहिल्या. प्रवासी थोडे, विमाने फार. त्या काळातील एक गोष्ट मात्र मराठी माणसाने आवर्जून लक्षात ठेवावी. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून संध्याकाळी निघालेली विमाने मध्यरात्री आमच्या नागपुरास जमत, थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल करीत, आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. चार शहरांना एकमेकांशी जोडण्यास सहा मार्ग लागले असते. नागपूर मध्ये धरल्याने चारांत भागले. अमेरिकेतील फेडरल एक्सप्रेस कंपनीने मेम्फिस शहरातून रात्रीची पार्सले याच तत्त्वावर पाठविण्यास सुरुवात केली ती १९७३ साली. विदर्भातील श्रोत्यांनी येथे टाळ्या वाजविण्यास आमची हरकत नाही.

कल्पना उत्तम होती, पण कंपन्यांच्या तिजोऱ्या रिकाम्याच राहिल्या. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, आणि पुढली चाळीस वर्षे देशातील आकाशात एकच दुकान राहिले. त्या काळात भाडे कोण ठरवितो, हा प्रश्नच नव्हता. सरकार ठरवीत असे, आणि आपल्यापैकी बहुतेक जण आगगाडीने जात असत.

आता आपल्या लखनौकडे येतो. कारण या धंद्यातील शहाणपण आणि चूक, दोन्ही या शहराने अगदी जवळून पाहिली आहेत.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी सरकारने आकाशाचे दार किलकिले केले, आणि १९९४ साली मक्तेदारीचा जुना कायदाच रद्द केला. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी, जेट अशी नावे जाहिरातींतून झळकू लागली. त्यांत एक नाव आपल्या गावचे होते. येथे ज्यांचे मुख्य ठाणे होते, त्या सहारा समूहाची विमाने ३ डिसेंबर १९९३ पासून उडू लागली. त्या वेळी या शहरातील लोकांच्या चालण्यात किंचित फरक पडला होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. इमामबाडा आणि दशहरी आंब्यांच्या गावाची स्वतःची विमाने! हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या येथील कारखान्यात विमानांचे सुटे भाग घडविणारी आपली मराठी मंडळी तर विशेष कौतुकाने बोलत असत.

तीन-चार वर्षांतच त्या पहिल्या फळीतील बहुतेक कंपन्या कोसळल्या. १९९६ पर्यंत ईस्ट-वेस्ट आणि मोदीलुफ्त थांबल्या, दमानिया त्यापूर्वीच एनईपीसीने घेतली होती, आणि पुढे ती घेणारीही राहिली नाही. उरल्या मुख्यतः दोनच, जेट आणि सहारा. जेटने वेळ आणि सेवा यांवर धंदेवाईक प्रवाशाचा विश्वास मिळविला. सहाराच्या पाठीशी मोठ्या समूहाची थैली होती. आमच्या मते दुखण्याचे मूळ या थैलीतच होते. ज्या मुलाच्या खिशात वडिलांचे पैसे असतात, त्याला आपले दुकान चालते की नाही, हे कळावयास फार वेळ लागतो. २००० साली 'एअर सहारा' असे नवे नाव आले, २००४ साली चेन्नईहून कोलंबोस उड्डाण सुरू झाले. बोईंगची मोठी विमाने होती, त्यांच्या जोडीला लहान प्रादेशिक जेट विमानेही आली. निराळी विमाने म्हणजे निराळे सुटे भाग, निराळे शिक्षण घेतलेले वैमानिक, निराळे कारागीर. श्रीमंत प्रवासी जेटकडे जात होता. २००३ पासून एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांचा धडाका लावल्यावर काटकसरी प्रवासी तिकडे वळू लागला. सहारा मधल्या मध्ये राहिली. बाजारात मधली जागा ही फार वाईट जागा असते.

२००६ च्या जानेवारीत जेटने ती पन्नास कोटी डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या सुमारे तेवीसशे कोटी रुपयांना घेण्याचे ठरविले. जून महिन्यात व्यवहार मोडला, लवादापर्यंत गेला, आणि एप्रिल २००७ मध्ये १,४५० कोटी रुपयांवर तडजोड झाली. विकत काय घेतले होते? विमाने तर बहुतेक भाड्याचीच. खरे मोल होते ते मुंबई-दिल्लीसारख्या गजबजलेल्या विमानतळांवरील उतरण्या-निघण्याच्या वेळांना, विमाने उभी करण्याच्या जागांना, आणि एक प्रतिस्पर्धी कमी होण्याला. येथील विमानांवरील नाव पुसले गेले, 'जेटलाइट' असे दुसरे रंगविले गेले.

येथे थोडे थांबतो, कारण २००७ हे साल आमच्या मते या सर्व कथेचा मध्यबिंदू आहे. त्या एका वर्षी जेटने सहारा घेतली, किंगफिशरने डेक्कनमध्ये भागीदारी मिळवून तिला पुढे आपल्यात ओढून घेतले, आणि सरकारने एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांना एका दाव्याला बांधले. तिन्ही ठिकाणी हिशेब असा की, दोन अशक्त एकत्र आले की एक सशक्त होतो. झाले काय? किंगफिशर २०१२ साली जमिनीवर आली. जेट १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, आणि हजारो कुटुंबांचे पगार थकले. एअर इंडिया कर्जाच्या डोंगराखाली दबून २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांकडे परतली. जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून जुहूला टपाल आणून जी सुरुवात केली, तिचे वर्तुळ असे नव्वद वर्षांनी पुरे झाले. दुसऱ्याची गिऱ्हाइके विकत घेता येतात, पण त्याचबरोबर त्याचा खर्चही विकत घ्यावा लागतो, ही गोष्ट या तिघांनाही उशिरा उमगली.

आणि या तिघांचे लक्ष एकमेकांकडे असता, ज्या कंपनीला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते, ती बाजूने पुढे निघून गेली. इंडिगोची पहिली फेरी ४ ऑगस्ट २००६ ची. एकही विमान उडविण्यापूर्वी, २००५ सालीच, त्यांनी शंभर एअरबस विमानांची मागणी नोंदविली होती. घाऊक गिऱ्हाइकाला घाऊक भाव मिळतो, हे आपल्या घरच्या गृहिणींना सांगावयास नको. नवी विमाने विकून तीच पुन्हा भाड्याने घ्यावयाची, म्हणजे भांडवल अडकत नाही आणि काही वर्षांनी जुने विमान परत करून नवे आणता येते. फुकट जेवण नाही. विमान उतरले की अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा हवेत, कारण जमिनीवर उभे असलेले विमान हे केवळ भाडे खाते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बरीच वर्षे एकाच जातीची विमाने. आपल्या राज्य परिवहनाची लाल गाडी आठवावी. तिचा सुटा भाग कोल्हापूरच्या आगारात मिळो की धुळ्याच्या, तो बसणारच. कोणताही चालक कोणत्याही गाडीवर चढेल. यात चमत्कार कोणताच नाही. नुसती शिस्त आहे. पण ज्या धंद्यात सर्वांचे तिकीट सारखेच स्वस्त, तेथे ज्याचा खर्च सर्वांत कमी तोच शेवटी उभा राहतो, आणि खर्च कमी ठेवणे हे जाहिरातीत दाखविता येत नसल्याने बाकीच्यांना त्याचे आकर्षण वाटत नाही.

प्रवाशांचे या सर्वांत नुकसान झाले काय? पुष्कळ वर्षे मुळीच नाही. कंपन्या बुडत होत्या, आणि त्यांच्या बुडण्याच्या खर्चात आपण गौरी-गणपतीला गावी जाऊन येत होतो! परंतु लढाई संपत आली की तिचा हिशेब येतो. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात मिळाली. आज देशातल्या देशात उडणाऱ्या दर दहा प्रवाशांपैकी सहांहून अधिक एका कंपनीचे असतात, आणि तिची व एअर इंडिया समूहाची बेरीज नऊच्या आसपास जाते. पुन्हा एकदा आकाशात जवळजवळ दोनच दुकाने आहेत.

याचा अर्थ काय, ते डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात सर्वांना दिसले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती छत्तीसऐवजी अठ्ठेचाळीस तास झाली, आणि रात्रीच्या उतरण्यांवरही मर्यादा आली. नियम योग्यच, झोपेने तारवटलेला वैमानिक कोणालाच नको. परंतु इंडिगोचे वेळापत्रक इतके ताणून बसविलेले होते की, त्यात राखीव माणूसबळ पुरले नाही. काही दिवसांत हजारो उड्डाणे रद्द झाली. लग्नसराईचे दिवस. ज्या काटकसरीने ती कंपनी मोठी झाली, तीच काटकसर त्या आठवड्यात अंगलट आली. आणि कंपनी एवढी मोठी असल्याने ती अडखळली की देश अडखळला. दुसऱ्या दाराशी जावे तर तेथे आसनेच नाहीत, आणि होती त्यांचे भाव गगनाला भिडलेले. सरकारला भाड्यांवर तात्पुरती कमाल मर्यादा घालावी लागली. हजार ते दीड हजार किलोमीटरसाठी, म्हणजे लखनौ-मुंबईसाठीही, पंधरा हजार रुपये. आमचा साताऱ्याच्या वेळचा प्रवास त्या मर्यादेतही बसला नसता, हे सहज आठवले.

आता विमानतळाविषयी. विमान कंपन्यांना निदान एकमेकींची धास्ती असते. अमौसीला कोणाची? दिल्लीस जावयाचे असेल तर शताब्दी आहे, ४ ऑक्टोबर २०१९ पासून तेजस आहे, आग्र्यावरून जाणारा द्रुतगती मार्ग आहे. म्हणूनच लखनौ-दिल्लीच्या भाड्याला एक अदृश्य लगाम असतो. तेजसने तर गाडी तासाहून अधिक उशिरा आली तर शंभर आणि दोन तासांहून अधिक उशिरा आली तर अडीचशे रुपये भरपाई देण्याचे जाहीर करून विमानवाल्यांनाही थोडे ओशाळविले. परंतु पुणे-मुंबईस निघालेल्याला अमौसीखेरीज गत्यंतर फार थोडे. ३० डिसेंबर २०२३ ला अयोध्येचा विमानतळ उघडला आहे, कानपुरासही चकेरीला नवी इमारत झाली आहे. पण म्हाताऱ्या आईला आणि चार बोजांना घेऊन कोणी सव्वाशे किलोमीटर उलट्या दिशेस जाणार नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत सहा विमानतळांच्या निविदा उघडल्या. पन्नास वर्षांचा करार, आणि जो बोलीदार दर प्रवाशामागे विमानतळ प्राधिकरणाला अधिक रक्कम देईल त्याला विमानतळ. लखनौसाठी अदानी समूहाची बोली १७१ रुपयांची होती. सहाही विमानतळांवर त्यांचीच बोली सर्वांत मोठी ठरली. २ नोव्हेंबर २०२० पासून अमौसी त्यांच्या ताब्यात आहे. सहांपैकी दोनांहून अधिक एका बोलीदारास देऊ नयेत, अशी सूचना अर्थमंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाने केली होती. ती मानली गेली नाही. १० मार्च २०२४ रोजी नव्या तिसऱ्या इमारतीचे उद्घाटन झाले. इमारत देखणी आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. भिंतींवर चिकनकारीचे नक्षीकाम आहे, रांगा आटोपशीर आहेत, आणि जुन्या इमारतीत जी धक्काबुक्की होई तिची आम्हाला मुळीच आठवण येत नाही.

पण व्यापाराच्या दृष्टीने पाहता दुसरीही एक गोष्ट ध्यानात येते. मुंबईचा विमानतळ २०२१ पासून याच समूहाकडे आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचाही त्यांचाच, त्यात चौथा हिस्सा सिडकोचा. म्हणजे आपण लखनौहून मुंबईस निघालो तर ज्या दाराने निघतो ते, आणि ज्या दोन दारांपैकी एकाने पोहोचतो ती दोन्ही, एकाच घराची आहेत. हा आरोप नव्हे. निविदा जिंकणे हा गुन्हा नाही. तथापि लंडनमध्ये असेच झाले होते. हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅन्स्टेड हे तिन्ही विमानतळ एका कंपनीकडे होते. तेथील स्पर्धा आयोगाने २००९ साली तिला गॅटविक व स्टॅन्स्टेड विकावयास सांगितले, आणि ते विकले गेले. शेजारी दुसऱ्या मालकाचे दुकान असेल, तरच दुकानदार गिऱ्हाइकाकडे वळून पाहतो, हे तेथील लोकांनी मान्य केले.

आपल्याकडे त्याऐवजी नियामक आहे. २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण दर काही वर्षांनी प्रत्येक मोठ्या विमानतळाचे दर ठरविते. तिकिटात जे 'वापरकर्ता विकास शुल्क' आपण न वाचता भरतो, ते तेथेच ठरते. इमारतीवर किती खर्च झाला, त्यावर किती परतावा वाजवी, आणि आत विकल्या जाणाऱ्या चहापासून मोटारी उभ्या करण्याच्या जागेपर्यंतच्या मिळकतीचा कोणता भाग प्रवाशाच्या बाजूने वजा धरावयाचा, असा तो हिशेब असतो. सध्याच्या पद्धतीत तो तीस टक्के धरतात. या दरांविषयी हरकती मागविल्या जातात, सुनावण्या होतात. विमान कंपन्या आपले वकील पाठवितात, विमानतळ आपले पाठवितो. प्रवाशांच्या बाजूची खुर्ची बहुधा रिकामी असते.

कार्यकारिणीला आमची एक विनंती आहे. आपले मंडळ पन्नास वर्षे नाटके, हळदीकुंकू आणि वाचनालय चालवीत आले आहे. येथे हिशेब तपासनीस आहेत, वकील आहेत, विमानांचे भाग घडविलेले अभियंते आहेत. अमौसीच्या दरांचा पुढला मसुदा येईल, तेव्हा या शहरातील बंगाली, तामीळ, केरळी मंडळींच्या सभांना सोबत घेऊन एक लेखी हरकत पाठवावी. दूर गावी ज्यांची म्हातारी माणसे आहेत, अशी घरे त्या सर्वांकडेही आहेत. मसुदा तयार करण्याचे काम आम्ही आनंदाने करू. टंकलेखनास मात्र कोणी तरुण माणूस द्यावा.

साताऱ्याच्या भगिनी त्या दुखण्यातून उठल्या. यंदा दिवाळीला त्या लखनौस यावयाच्या आहेत. भाच्याने विमानाचे तिकीट काढले आहे, दोन महिने आधी, स्वस्तात. तरीही त्यांनी त्याच्याकडून पुष्पकचेही एक आरक्षण करवून ठेविले आहे. आम्ही फोनवर पुष्कळ समजावून पाहिले. त्या ऐकावयास तयार नाहीत.